बिल्ल्याच्या माश्या

बाटली जात्याच्या पाळीवर आपटली आणि 'टच्' असा एवढासाच आवाज झाला. दुपारची वेळ होती, अख्खं अमडापूर उन्हानं गप्प पडलेलं, त्यामुळं तो एवढासा आवाजही घरभर झाला. मी वळून पाहिलं तर कोकी जात्याजवळ उभी, दोन्ही हात पाठीमागं, आणि चिकटवायची पिवळसर चपडी सारवलेल्या भुईत जिरत चाललेली.

"म्या नाही केलं," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली नाही. ओठ दाबून माझ्याकडं पाहत राहिली. तिला चार वर्षं पुरी व्हायची होती. तिचा हात पुरेल अशा जागी बाटली मीच ठेवली होती, हे धपाटा घालतानाही मला ठाऊक होतं.

बाहेर ओट्यावरून पुंजाजीचा आवाज आला, "काय फुटलं माय?"

"काही नाही. पानी सांडलं," मी आतूनच म्हणाले.

कोकीचे बाबा तेव्हा मधाच्या योजनेत फिरतीवर होते, पण कायम झालेले नव्हते. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती आणि जो तो काही ना काही नवीन करून पाहत होता. आमच्या गावाच्या वाट्याला माश्या आल्या. घाटाकडून सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या आल्या आणि कांद्याचं बी धरणाऱ्यांच्या वावरांत बसल्या. माश्या कांद्याच्या फुलांच्या गोंड्यागोंड्यांवर फिरल्या की बी चांगलं भरतं, असं पुण्याच्या साहेबांचं म्हणणं. पण माशी जाते किती लांब? पेटीजवळच्याच गोंड्यांवर घुटमळते, की ओढ्यापलीकडं पाऊण मैलावर तुळशीरामाचा कांदा आहे तिथवर पोचते? पोचत असेल तर पंचक्रोशीत आणखी पेट्या येणार होत्या. मग कोकीचे बाबा कायम होणार होते, आणि पेट्या राखणारा पुंजाजीसुद्धा.

माशी ओळखायची कशी, तर तिच्या पाठीवर बिल्ला चिकटवायचा. तिळाहून थोडी मोठी कागदाची टिकली, तिच्यावर काळ्या शाईनं आकडा. आकडे मी लिहायची, कारण माझी सातवी झालेली आणि अक्षर बारीक. चिकटवायचीही मीच. पुंजाजी पेटीतून माश्या काचेच्या बरणीत घेऊन यायचा, तोंडाला फडकं बांधून. मी एकेक माशी जाळीच्या कापडाखाली दाबायची, पाठीवर काडीनं चपडीचा ठिपका द्यायचा, टिकली ठेवायची, फुंकर घालायची. चपडी म्हणजे लाख, स्पिरिटात विरघळवलेली. साहेबांनी ती पुण्याहून बाटलीत भरून दिली होती. तीच बाटली कोकीच्या हातून पडली.

पुंजाजीविषयी आधी सांगते. पन्नाशीचा माणूस. उमर सारी डोंगरकपारीतली आग्या मोहोळं काढण्यात गेली. एकदा दोर तुटून कड्यावरून पडला, तेव्हापासून उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. पेटीपाशी पाय लांब करून बसायचं आणि माश्या बघायच्या, हे काम त्याच्यासाठीच केल्यासारखं होतं. ते त्याला मिळालं कोकीच्या बाबांच्या हट्टानं. सरपंच महादेवराव म्हणाले होते, "शेषराव, दुसरा माणूस नाही भेटला काय गावात? पेटीले त्याचा हात लागते, उद्या मध कोन घेईन?" छप्पन सालानंतर पुंजाजीच्या घरात बुद्धाची तसबीर आली होती, पण महादेवरावांच्या लेखी तो होता तिथंच होता. आणि माझ्या लेखी? मी त्याला चहा द्यायची तो बिनकानाच्या कपात, आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. तो स्वतःच विसळून ठेवायचा. तेव्हा मला त्यात काही वाटत नव्हतं. ते लिहिताना आज हात अडतो.

त्याला आकडे येत नव्हते. आठ दिवसांत शिकला, कोकीच्या पाटीवर, माझ्यासमोर ओट्यावर बसून.

"हा कोनता माय?"

"दोन."

"दोन म्हंजे बसेल बगळा. अन् हा?"

"पाच."

"ह्याचं पोट सुटलं. महादेवरावावानी." मग इकडंतिकडं पाहून त्यानं तोंडावर हात ठेवला आणि कोकी फिदीफिदी हसली.

दिवसभर तो पेटीच्या दारापाशी बसून आल्यागेल्या बिल्ल्यांचे आकडे पाटीवर काढायचा. तुळशीरामाच्या कांद्यात पुंजाजीची बायको बनाबाई बसायची आणि बिल्ल्याची माशी दिसली की खडा बाजूला टाकायची. संध्याकाळी मी ते सगळं रजिस्टरात उतरवून घ्यायची. पहिल्या लाल बिल्ल्यांच्या पन्नास माश्यांत त्याचा एकही आकडा चुकला नाही. दोनदा मी स्वतः शेजारी बसून पडताळा घेतला होता.

त्याला आकड्यांपलीकडचंही दिसायचं. "बिल्ला लावला का दोन रोज बाकीच्या माश्या तिच्या मांगं लागतात," तो सांगायचा. "चाटून पाह्यतात, ओढून पाह्यतात. हे काय आनलं बाप्पा घरात, म्हनून. मंग सवय होते. पन एक सांगू माय? बिल्ल्याची माशी पह्यलेवानी नाही राह्यत. बाकीच्या वावरातून आल्या का गोल गोल फिरून सांगतात, फुलं कुठी हायेत ते. ही नाही सांगत. गुमान येते, गुमान जाते. पाठीवर वझं घेतलेल्या बाईवानी."

मी ते ऐकलं आणि रजिस्टर मिटलं. त्यात गेल्याची वेळ आणि आल्याची वेळ, एवढेच रकाने होते.

तर त्या दुपारी दुसऱ्या खेपेच्या शंभर माश्या ओट्यावर बरण्यांत होत्या. हिरव्या टिकल्या लिहून तयार. कोकीचे बाबा चिखलीला गेलेले, दोन दिवस येणार नव्हते. कांद्याचे गोंडे ऐन भरात. आठवड्यानं साहेब येणार. आणि चपडी भुईत. मला घाम फुटला. साहेब काय म्हणतील याच्याआधी कोकीचे बाबा काय म्हणतील याची भीती होती. 'एवढी एक बाटली सांभाळता आली नाही?' हे शब्द मला आधीच ऐकू येत होते.

तेवढ्यात कपाळ पुसायला हात वर गेला आणि बोटाला मेण लागलं.

कुंकवाखाली लावतो ते मेण. माहेरून आईनं डबी भरून दिलेलं, आमच्याकडच्या डोंगरातल्या आग्या मोहोळाचं. सकाळी कपाळावर लावलं की दिवसभर उन्हात, चुलीपुढं, घामात कुंकू हलत नाही. मला वाटलं, कपाळावर टिकतं ते माशीच्या पाठीवर का टिकणार नाही? आणि मेण तर माशीचंच. तिला तिच्याच घरचं वाटेल. केवढी हुशारी केली असं वाटून मला त्या घाईत हसूसुद्धा आलं.

मेण तळहातात मऊ केलं. सुईच्या टोकावर कण घेऊन शंभर टिकल्या लावल्या. चपडीपेक्षा झरझर काम झालं. कोकी दाराशी बसून बघत होती. "बाबाले सांगू नको बरं," मी तिला म्हणाले. तिनं मान हलवली. पाठीवर धपाटा खाऊन वर गुपितही तिनंच राखायचं होतं.

बरण्या बाहेर दिल्या. पुंजाजीनं एका बरणीचं फडकं किंचित सैल केलं, नाक जवळ नेलं, आणि परत बांधलं. लंगडत वावराकडं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात आला. "माय, पाह्याले चाल. काहीतरी बिघडलं."

कोकीला कडेवर घेऊन मी गेले. पेटीच्या दारातल्या फळीवर हिरव्या टिकलीची एक माशी उतरली. उतरताच दारावरच्या चारपाच जणी तिच्यावर तुटून पडल्या. एकीनं पंख धरला, एकीनं पाय, आणि तिला ओढत ओढत फळीच्या कडेला आणलं. ती उलट लढत नव्हती. पाय पोटाशी घेऊन गोळा झाली होती, जणू मारा पण आत घ्या. फळीखाली गवतात पाहिलं तर हिरव्या टिकल्याच टिकल्या. काही माशीसकट, काही नुसत्या.

"आपल्याच घरच्या हायेत," पुंजाजी म्हणाला. "काल दुपारपर्यंत ह्याच पेटीत होत्या. अन् आज वळखून नाही राह्यले त्याहिले कोनी. लाल बिल्ल्याचं असं नोतं झालं. वास बदलला का माशी पराई होते, माय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी तिथंच सांगून टाकलं असतं, असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याच्या न पाहण्यानं मला सुटल्यासारखं झालं होतं.

गावच्या सुताराकडं चपडी असते, पॉलिशची. हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. तोवर गोंडे सुकायला लागले होते.

साहेब ठरल्या दिवशी जीपनं आले. ओट्यावर बाज टाकली. कोकीचे बाबा, महादेवराव, चारदोन बी धरणारे शेतकरी. पुंजाजी खाली अंगणात, पाय लांब करून. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा साहेबांच्या मांडीवर रजिस्टर उघडं होतं.

"पहिल्या पन्नासांपैकी बेचाळीस रोज ये-जा करताहेत आणि या शंभरांपैकी फक्त अकरा? हे कसं शक्य आहे? शेषराव, चिकटवायला चपडी तीच वापरलीत ना?"

"हो साहेब. तीच," कोकीचे बाबा म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मला कुणी विचारलं नाही. पण मी तिथं उभी होते, हातात कपबश्यांचं ताट होतं, आणि बोलायला तोंड होतं. मी एकेक कप खाली ठेवला.

"मग आकडे वाचण्यात घोळ आहे," साहेब म्हणाले. "कोण वाचतं?"

"हा काय, पुंजाजी," महादेवराव पुढं सरसावले. "शाळेची पायरी नाही चढला कधी. याले काय समजते साहेब आकडे?"

"अहो, शिकला तो," कोकीचे बाबा म्हणाले. "तुम्ही विचारून पाहा साहेब."

साहेबांनी उरलेल्या टिकल्यांच्या पाकिटातून एक टिकली बोटावर घेतली आणि खाली वाकून पुंजाजीसमोर धरली. ठळक, सरळ चार होता. मीच लिहिलेला.

पुंजाजीनं टिकली पाहिली. मग मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पावसाचा अंदाज घ्यायला माणूस आभाळाकडं पाहतो तसं.

"सात," तो म्हणाला.

साहेबांनी दुसरी धरली. नऊ होता.

"दोन असन."

दोन म्हंजे बसेल बगळा. दोन कसा असतो ते तो झोपेतही चुकला नसता.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "शेषराव, तुमचा हेतू चांगला होता. पण निरीक्षणाला साक्षर माणूस हवा. याचे सगळेच आकडे रद्द धरू."

"म्या पह्यलेच सांगतलं होतं," महादेवराव चहाचा घोट घेत म्हणाले. "आता तरी पेट्यांचा इटाळ गेला म्हना."

साहेब दुसरीकडं पाहू लागले. कोकीच्या बाबांनी चहाचा कप उचलला. पुंजाजी हात टेकून उठला. कोकीची पाटी त्याच्याजवळ होती, ती त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली, ओट्याच्या कडेला ठेवली आणि निघाला. त्याच्या पाठीकडं पाहत मी रिकामे कप गोळा करत होते. एक कप हातातून सुटला, पण फुटला नाही.

पुढच्या पंधरवड्यात पेट्या देऊळघाटला हलल्या. माशी लांब जाते याचा पुरावा नाही, असं साहेबांनी लिहिलं म्हणे. माशी जात होती. तुळशीरामाच्या कांद्यात बनाबाईनं लाल बिल्ले रोज पाहिले होते. पण तिच्या खड्यांची साक्ष नवऱ्याच्या पाटीबरोबरच पुसली गेली. योजना इतर गावांत चालूच होती आणि ठपका पुंजाजीवर गेला होता, म्हणून महिन्यानं कोकीच्या बाबांचा कायम झाल्याचा कागद आला आणि जानेफळला बदलीचा. त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ कागदाची घडी घालत, उलगडत बसले.

"आता झालं ते झालं," शेवटी म्हणाले. "साहेबाले आता कोन्या तोंडानं सांगू? कागद हातात हाय. तू बी कोनाले बोलू नको."

मी बोलले नाही. पण सामान बांधताना काही केल्या माझं चित्त ठिकाणावर येईना. दुपारी कोकीला घेतलं आणि चिखलीच्या सडकेला लागले. पुंजाजी तिथं गिट्टी फोडतो असं कळलं होतं.

चैत्राचं ऊन. सडकेच्या कडेला बाभळीच्या विरळ सावलीत तो बसला होता. खाली पोतं, उजवा पाय काठीसारखा पुढं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एक घाव, दगड दोन. पाय आखडता येत नसल्यानं उडालेले कपचे सरळ नडगीवर बसत होते. तिथं जागोजागी खपल्या धरल्या होत्या. पलीकडं बनाबाई टोपल्यानं गिट्टी ढिगावर टाकत होती.

"अवं माय! इतक्या उन्हात?" त्यानं हातोडा खाली ठेवला. "लेकराले सावलीत घे. कोके, इकडं ये बाप्पा."

कोकी पळत त्याच्याजवळ गेली आणि खडे निवडू लागली.

"आमी चाललो, पुंजाजीबाबा. जानेफळले."

"ऐकलं. शेषरावभाऊ कायम झाले. लय चांगलं झालं."

मला ते 'चांगलं' झेपलं नाही. उभ्या उभ्याच मी बोलून गेले. बाटली, मेण, शंभर टिकल्या, चहाचे कप, सगळं. उलटंसुलटं, मधेच रडत. बनाबाई टोपलं हातात धरून उभी राहिली.

पुंजाजीनं सगळं ऐकून घेतलं. मग नडगीवरची धूळ तळहातानं झटकली.

"माहीत होतं मले."

"काय?"

"उमर आग्याच्या मोहोळात गेली माह्यी. आग्याच्या मेनाचा वास मले नाही समजनार? बरनीचं फडकं सोडलं तवाच आला. वाटलं, साहेबानंच नवीन औषध सांगतलं असन. आपन कोन बोलनारे. दुसऱ्या रोजी माश्या लडल्या, तवा समजलं."

"मंग तुमी बोलले काऊन नाही? चाराले सात म्हनलं तुमी!"

"आकडे बरोबर सांगतले असते तं साहेब बिल्ल्यावर गेला असता. बिल्ल्यावरून चपडीवर, चपडीवरून तुह्या घरावर." त्यानं बोटाची चिंधी आवळली. "मले तं ते काढनारच होते, माय. आज नाही तं उद्या. महादेवराव काय बसू देत होता मले तिथी? मंग एकाच्या जागी दोन घरं काऊन बसवा?"

बनाबाई तेवढ्यात पुढं आली. तिच्या डोळ्यांत नवऱ्याचा तो शहाणपणा नव्हता. "दोन घरं," ती म्हणाली. "एक घर कोनाचं बसलं ते नाही सांगत हा. रातभर पाय धरून कन्हते."

"तू गुमान राह्य व."

"म्या कुठी काय म्हनलं?" तिनं टोपलं ढिगावर रिकामं केलं, माठातून लोटाभर पाणी आणलं आणि माझ्यापुढं धरलं. द्यायचं की नाही असा जरासा थबकलेला हात होता तो. मी दोन्ही हातांनी लोटा घेतला आणि प्याले. कोकीला पाजलं. पाणी गार होतं.

"साहेबाले पत्र लिव्हते मी," मी म्हणाले.

पुंजाजीनं हातोडा उचलला. "लिव्ह," तो म्हणाला, आणि लिहिणार नाही हे माझ्याइतकंच त्यालाही ठाऊक असल्यासारखा त्यानं दुसरा दगड पुढ्यात ओढला. "उन्हं कलल्यावर जाय. लेकराचे पाय भाजतात."

मी थांबले नाही. कोकीला कडेवर घेतलं आणि सडकेच्या कडेकडेनं चालू लागले. मागं घाव पडत होते, ठक, ठक. मग अंतरानं तेही ऐकू येईनासे झाले. कोकीनं माझ्या गालाला हात लावला, ओला लागला म्हणून फ्रॉकला पुसला. मग माझ्या मंगळसूत्राचे मणी एकेक सरकवत राहिली. काहीतरी जुळवत असली की ती असंच करते.

"आई."

"काय व?"

"पुंजाजीबाबाले पह्यलेच माहीत होतं ना?"

"हाव."

"मंग तू त्याहिले काय सांगाले गेली होतीस?"